कोंबडी न लाभणारं घर

पिल्लांना हगवण लागली आहे की त्यांचं अडलं आहे, हे आधी ठरवायला हवं होतं, आणि तेच मला ठरवता येईना. सकाळी डालगं उचलून बघावं तर खाली सगळी पांढरी, पातळ राड. पिल्लू हातात घेऊन उलटं करावं तर शेपटीखालची वाट वाळून, चिकटून, घट्ट बंद. आता याला काय म्हणायचं? पातळ होतंय म्हणून थांबवायचं औषध द्यावं तर अडलेलं आणखी अडणार. अडलंय म्हणून मोकळं करायचं काही द्यावं तर पातळ होतंच आहे. मी डालग्यापुढे उकिडवी बसायचे आणि नुसती बघत राहायचे. माणसाचं पोर असतं तर मला कळलं असतं. हे एवढंएवढंसं काय करतंय, ते काही कळेना.

कोळवणला आमच्या घरात, म्हणजे माझ्या सासरी, मी तेव्हा नवीच होते. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. माझं माहेर वर, मुळेच्या काठी. गावाचं नाव सांगून आता उपयोग नाही, ते पाण्याखाली आहे. धरणाचं बरीच वर्षं चाललं होतं. माणसं काम अडवायला आडवी पडली, तुरुंगात जाऊन आली, आणि भिंत वर चढायची ती चढतच राहिली. मग एकेक घर उठायला लागलं. आमची पाळी आली तेव्हा बापानं वासे आणि तुळया उतरवल्या, गाडीत घातल्या, आणि पार पूर्वेला, जिथं भात पिकत नाही अशा मुलखात जायचं ठरवलं. तिकडेच का, ते मला कुणी सांगितलं नाही. दिल्या घरच्या लेकीला कोण सांगतं? मला कळलं तेव्हा गाड्या जुंपून झाल्या होत्या.

गाड्या पौडावरून पुढे जायच्या होत्या. आई तेवढी वाट वाकडी करून कोळवणला आली, चालत, डोक्यावर डालगं घेऊन. डालगं म्हणजे कोंबडी झाकायची बांबूची टोपली. तिनं ते ओट्यावर ठेवलं, बाजूला बसली आणि पाणी मागितलं. मी पाणी आणलं तरी ती रडेना. मीच रडायला लागले तर म्हणाली, गप, आधी हे बघ.

आत सात पिल्लं होती. अंड्यातून येऊन आठवडाही झाला नसेल. सहा नेहमीसारखी आणि एक बोडक्या मानेचं. आमच्या माहेरच्या कोंबड्यांची ती खूणच होती. प्रत्येक खेपेला एखाद-दुसरं बोडक्या मानेचं निघायचंच. दिसायला अगदी ध्यान. अर्धवट सोलून कुणीतरी कंटाळून सोडून दिल्यासारखं. पण वरच्या चार गावांत तशी कोंबडी दिसली की लोक म्हणायचे, ही त्यांच्या दारची.

त्यांची आई कुठे आहे म्हणून मी विचारलं. ती माघारी गेली होती. पहिल्या मुक्कामाला कुत्रं अंगावर आलं, डालगं उलटलं, आणि कोंबडी फडफडत उडाली ती आलेल्या वाटेनं सरळ गावाकडे. भाऊ मागे धावला. ती सापडली नाही. तिथं आता घर नव्हतं, छप्पर नव्हतं, नुसता चौथरा होता, तरी गेली.

आईनं मला सांगितलं, वरीच्या कण्या दे, कोरड्या. थोडं पाणी दे. ऊब दे. बाकी काहीसुद्धा देऊ नकोस. मग उठता उठता म्हणाली, "तुला घराचं काय म्हणून देऊ गं? भिताडं तर न्हेता येत न्हाईत. ही घे. आपल्या दारची हायेत."

माझ्या सासूनं तिची ओटी भरली, तांदळानं, अगदी भरगच्च. तिला आम्ही आत्याबाई म्हणायचो, सासूला तसंच म्हणायची रीत. तिनं डालग्याकडे एकदा पाहिलं आणि तोंड फिरवलं. आई गेली, वळणावरून दिसेनाशी झाली, तोवर ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "आमच्या घराला कोंबडी लाभत न्हाई."

लाभत नाही म्हणजे काय, ते मला माहीत होतं. कुणाला म्हैस लाभत नाही, कुणाला विहीर लाभत नाही. आणली की काहीतरी होतं. मी मामंजींकडे बघितलं, म्हणजे सासऱ्यांकडे. ते सुतळी वळत बसले होते. त्यांनी मान डोलावली. त्यांचं म्हणणं, तीनदा आणून झालं. एकदा तिच्या भावानं दिली होती, एकदा बाजारातून आणली, एकदा तर चांगली कोंबडी रवणीला बसवून दारातच पिल्लं काढली. एकही जगलं नाही. हिनं जीव लावला नाही म्हणावं तर तसंही नाही, लई लावला. पण नाहीच लाभली. शेवटी खुराड्यात गोवऱ्या भरल्या.

आत्याबाईनं मग मला सांगून टाकलं. आईनं दिलंय, नाही म्हणवत नाही, ठेव. पण यातलं एक जरी मेलं तर बाकीची त्याच दिवशी दुसऱ्या कुणाला तरी देऊन टाकायची. तिच्या दारात आता मरण नको होतं.

आली का पंचाईत. दुसऱ्या कुणाला तरी म्हणजे कुणाला? माझं गाव उठलेलं, आई कुठल्या गावाला टेकणार ते आईलाही ठाऊक नव्हतं. ही सात पिल्लं सोडली तर माझ्या माहेरचं म्हणून जगात काही चालतंबोलतं उरलं नव्हतं. मी पदर खोचला आणि मनाशी म्हटलं, मरतात कशी बघते.

आणि चार दिवसांत ही राड.

मला राग आला तो हा, की मी काही चुकवत नव्हते. मागच्या पडवीत चुलीच्या भिंतीला लागून डालगं ठेवलं होतं, भिंत कोमट असायची म्हणून. खाली पेंढा, वर जुन्या लुगड्याचा तुकडा. वरीच्या कण्या मी स्वतः पाखडून द्यायचे. पाणी मातीच्या पणतीत, बुडू नयेत म्हणून आत खडे टाकून. आईनं सांगितलं त्याच्या रेसभर इकडे नाही की तिकडे नाही. मग हे पांढरं कुठून येतं? वरी कोरडी, पिवळसर. पोटात जाऊन ती अशी चिकट, खळीसारखी कशी होते? मी वरी बदलली. पाणी बदललं. पेंढा बदलला. शेवटी पणतीसुद्धा बदलली. फरक म्हणून नाही.

शेजारच्या म्हातारीला बोलावलं. तिनं पिल्लू उलटं केलं, डोळे बारीक केले आणि निकाल दिला की याचं अडलंय. तेल लावून ओढून काढ. मी खुरासणीचं तेल घेतलं, पिल्लू मांडीवर धरलं आणि पोटाखाली जी काळी खपली दिसत होती ती ओढायला लागले. पिल्लानं असा गळा काढला की मी खपली सोडून दिली. रक्ताचा थेंब आला. म्हातारी ओरडली, अगं भवाने, ती बेंबी हाय त्याची. मला काय ठाऊक कोंबडीला बेंबी असते! माहेरी पिल्लांचं सगळं आईच बघायची. अंड्यातून येणाऱ्याला बेंबी कशाला? मी तिच्यावरच चिडले. ती म्हणाली, बेंबी वर आणि वाट खाली, एवढं कळत न्हाई व्हय तुला? कळत नव्हतं. एवढ्याशा जिवाचं सगळं एकाच जागी असतं.

म्हातारी गेल्यावर मामंजींनी सांगितलं की ओढायचं बिढायचं काही नाही, ही सरळ हगवण आहे. कण्यांत चुलीतली राख कालव. मी राख कालवली. पिल्लांनी राख बाजूला सारून कण्या तेवढ्या टिपल्या आणि एकमेकांच्या अंगावर राख उडवून सगळी एका रंगाची झाली. आधीच ओळखू येत नव्हती, त्यात ही भर. बोडक्या मानेचं तेवढं ओळखू यायचं, तेही शिंकून शिंकून बेजार.

मग ताम्हिणीकडून मेंढरं घेऊन उतरलेली एक धनगरीण दारात ताक मागायला आली. तिला मी विचारलं. कुणाला विचारत नव्हते मी तेव्हा? बोलता येत असतं तर म्हशीलाही विचारलं असतं. धनगरणीनं कुड्याची साल उगाळून थेंब थेंब चोचीत सोड म्हणून सांगितलं, आणि पाणी मात्र बंद कर म्हणाली. संध्याकाळी म्हातारी पुन्हा आली. पाणी बंद केलं असं ऐकून तिनं कपाळावर हात मारला. अडलेल्याचं पाणी बंद करतात होय, म्हणाली. पणती आत ठेवू की बाहेर काढू, हे कळेना म्हणून मी ती हातातच धरून बसले. एक ना धड भाराभर चिंध्या म्हणतात ते हेच.

एका गोष्टीनं मात्र माझा जास्तच जीव जळायचा. पिल्लं मला भ्यायची. मी डालगं उचललं की सगळी पलीकडच्या कडेला एकावर एक चढायची. आता मी त्यांची मागची बाजू धुणारी, तेल लावणारी, साल पाजणारी, तेव्हा मला भ्यायचीच, हे कळत होतं. पण आत्याबाईची जोडवी वाजली की त्याच डालग्यात चिवचिवाट सुटायचा. ती घरातून मागच्या दाराकडे येते आहे हे त्यांना माझ्या आधी कळायचं. बांबूच्या फटींतून सात चोची बाहेर. ती तर कधी ढुंकून बघायची नाही. पडवीतून जायची, तोंड फिरवून. मला वाटायचं, काय ही जात! करावं एकानं आणि ओढ दुसऱ्याची.

आणि रोज सकाळी तिचा तोच प्रश्न. तोंड धुता धुता, माझ्याकडे न बघता विचारायची, "समदी हायेत का?"

मी म्हणायचे, हायेत. मला तो प्रश्न नकोसा व्हायचा. ही मरणाची वाट बघते आहे, असंच माझ्या मनात यायचं. एखादं मरू दे, मग हिची कटकट जाईल.

बोडक्या मानेचं पिल्लू सगळ्यांत आधी सुस्तावलं. पंख लोंबते, डोळे मिटलेले, उभ्याउभ्या डुलकी घ्यायचं आणि तोल जाऊन जागं व्हायचं. ढकललं तर चार पावलं चालायचं, पुन्हा तसंच. कण्यांना तोंड लावीना. मी त्याला पदरात गुंडाळून चुलीपाशी घेऊन बसले. त्याचं मागचं कोमट पाण्यानं भिजवून भिजवून सोडवलं, ओढलं नाही, या वेळी बेंबी कुठली ते नीट बघून घेतलं. चिकटलेलं सुटलं तसं आतलं साचलेलं भस्सकन माझ्या हातावर आलं. इतका आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता. पिल्लानं डोळे उघडले, मान वर केली. म्हटलं, सुटलीस बाई. दुपारी भाकरी पोचवून शेतावरून येते तर पुन्हा तेच. पांढरं, ओलं, चिकट.

मला खरंच वाटायला लागलं की घराचंच काहीतरी आहे. लाभत नाही म्हणजे नाही. माझ्या आईनं नको तिथं जीव आणून दिला आणि मी नको तिथं ठेवून घेतला. मी मीठमोहऱ्या घेऊन पिल्लांची दृष्टसुद्धा काढली. सात पिल्लांची दृष्ट! कुणी बघितलं असतं तर मलाच ओवाळून टाकलं असतं.

तेव्हा ते बोडक्या मानेचं पिल्लू हातात होतं. दृष्ट काढून झाल्यावर मी त्याची चोच पदरानं पुसली, तर पदराला काहीतरी लागलं. वाळलेलं, पांढरं. मी नाकाशी नेलं. आंबूस वास आला आणि त्यात गोडसर काहीतरी. वरीला असा वास येत नाही. हा वास माझ्या ओळखीचा होता, पण कुठला ते काही केल्या आठवेना. तोच वास नाकात घेऊन मी शेतावर गेले, हातात भाकरीचं फडकं आणि डोक्यात नुसता गोंधळ.

बांधावर पोचल्यावर लक्षात आलं की विळा घरीच राहिला. गवत कापायचं होतं. तशीच मागे फिरले, आणि वाटेत, ओढ्याच्या दगडावर पाय ठेवता ठेवता आठवलं. लग्नाच्या दिवशीचा वास. दूध, भात आणि गूळ.

त्या घरात एक रीत होती. दुसरीकडे कुठे मी ती पाहिली नाही. जे कुणी राहायला म्हणून उंबऱ्याच्या आत येईल, त्याच्या तोंडात आत्याबाई आपल्या हातानं गूळ घातलेल्या दूधभाताचा पहिला घास घालायची. नवरी आली की नवरीला. नवा गडी ठेवला की त्याला. विकत आणलेल्या गाईच्या जिभेवर, कुत्र्याच्या पिलाच्या तोंडात, सगळ्यांना. मीसुद्धा माप ओलांडून आत आले आणि उभ्याउभ्या तो घास खाल्ला. एक नाही, वाटी संपेपर्यंत. माझ्या माहेरी दुभतं नव्हतं, दुधाची सवय म्हणून नाही. पुढचे दोन दिवस नव्या नवरीनं कुठे काढले ते सांगण्यासारखं नाही. लाजेनं मेले होते मी. सासरच्यांना वाटलं, माहेरच्या आठवणीनं सारखी बाहेर जाऊन रडते आहे.

मी मागच्या दारानं आले. आत्याबाई पडवीत डालग्यापाशी बसली होती, पाठ माझ्याकडे. डालगं एका बाजूनं उचललेलं. डाव्या हातात काशाची वाटी. उजव्या हाताच्या बोटांनी ती भात मऊ मऊ चुरत होती, दुधात, अगदी लापशी होईस्तोवर. मग तळहातावर घेऊन हात आत सरकवत होती, आणि पिल्लं तिच्या हातावर चढून, एकमेकांना तुडवून खात होती. बोडक्या मानेचं खात नव्हतं. त्याला तिनं उचललं, मांडीवर घेतलं आणि बोटानं त्याच्या चोचीला दूधभात लावला.

ती त्यांच्याशी बोलत होती. मी तिला इतक्या हळू बोलताना कधी ऐकलं नव्हतं. "खा बाबा. हितलं खा. ह्या घरचं पोटात गेलं म्हंजी माघारी जाणार न्हाईस. ऱ्हा रं हितंच."

मी दाराची चौकट धरून उभी राहिले. सगळं एकदम कळलं आणि कळल्यावर आणखीच गोंधळ उडाला. ही मरणाची वाट बघत नव्हती. ही रोज, मी शेतावर गेले की, त्यांना घरातलं करून घेत होती. आणि ती पांढरी राड इथून येत होती, या वाटीतून. काखेत कळसा आणि मी धनगरांपर्यंत वळसा घालून आले. मग मामंजींचं बोलणं आठवलं. लई जीव लावला. भावानं दिलेली, बाजारातली, दारात निघालेली. तेव्हाही हीच वाटी असणार. तेव्हाही ही अशीच बसली असणार, एकेकाला मांडीवर घेऊन, आणि एकेक सुस्तावायला लागलं की दूध वाढवत गेली असणार.

सांगायला हवं होतं. आत्याबाई, हे बंद करा, यानंच त्यांचं पोट बिघडतंय, एवढंच. पण ते तोंडातून निघालं असतं की लगेच तिला ती आधीची सगळी आठवली असती. घराला कोंबडी लाभत नाही यात कुणाचा दोष नसतो. स्वतःच्या हातानं गेली, हे कसं सोसायचं? आणि नाही सांगावं तर माझं बोडक्या मानेचं उद्याची सकाळ बघत नव्हतं. मी मुळात भांडखोर बाई. मनात आलं ते बोलून मोकळी होणारी. त्या दिवशी मात्र काय बोलावं, ते काही सुचेना. राग यावा तर कुणाचा यावा? रडू येत होतं, ते कशाचं, तेही नीट कळत नव्हतं.

"आत्याबाई," मी म्हटलं.

ती दचकली. वाटी पटकन पदराखाली घेतली. एवढी मोठी बाई, सगळं घर तिला वचकून असायचं, आणि चोरून गूळ खाताना सापडलेल्या पोरासारखी बघायला लागली. मी जाऊन तिच्या शेजारी बसले. बोडक्या मानेचं तिच्या मांडीवरून माझ्या ओच्यात घेतलं. चोच पुसली. मग जे तोंडाला आलं ते बोलले, आधी ठरवलेलं काही नव्हतं.

"घास पोचला त्यांना. आता ती हितलीच झाली. आता मला द्या."

"तुला दिलाय की," ती म्हणाली. "लग्नात. उंबऱ्यात."

"तवा मला माघारी जायला गाव हुतं."

  आई गेल्यापासून त्या घरात माझ्या माहेरचा शब्द कुणी काढला नव्हता, तिनंही नाही, मीही नाही. तिनं वाटी पदराखालून काढली. पिल्लांसाठी चुरलेला भात बाजूला सारला, आत जाऊन ताजा भात आणला, दूध आणलं, गुळाचा खडा फोडला, आणि पुन्हा माझ्यापुढे बसून कालवला. एकेक घास माझ्या तोंडात घातला. मी खाल्ला. रडत होते म्हणून नीट गिळताही येत नव्हतं. ती म्हणाली, सावकाश, ठसका लागंल.

त्या दिवसापासून मी शेतावर जायची वेळ बदलली, आणि दुपारी ती वाटी पिल्लांकडे गेली नाही. मी आधीच पुढे बसलेली असायचे. पिल्लांना कोरडी वरी, खडे टाकलेली पणती, चुलीच्या भिंतीची ऊब. कोमट पाण्यानं मागचं पुसायचं, खुरासणीच्या तेलाचं बोट फिरवायचं, बस्स. राख बंद, साल बंद. पांढरं हळूहळू कमी झालं. एका सकाळी डालगं उचललं तर खाली छान सुक्या, आकाराच्या लेंड्या. मी मामंजींना हाक मारून त्या दाखवल्या. ते म्हणाले, आता काय ओवाळू का त्यांना? बोडक्या मानेचं सगळ्यांत शेवटी सावरलं. मग असं माजलं की इतरांच्या डोक्यावर उभं राहून खायचं.

माझं पोट मात्र पार बिघडलं. दुधाची सवय दोन दिवसांत कुठली व्हायला? मी वाटी संपवायचे आणि ओढ्याकडे धावायचे. शेजारची म्हातारी मला दिवस गेले म्हणून गावभर सांगून आली.

आत्याबाईनं स्वतः खुराड्यातल्या गोवऱ्या काढल्या, ते शेणानं सारवलं. आलेल्यागेलेल्याला सांगायची की आमच्या घराला कोंबडी लाभली, सुनेच्या पायगुणानं लाभली. मी मान खाली घालून ऐकायचे. पुढे त्या बोडक्या मानेच्या पिल्लाची कोंबडी झाली, तिला पिल्लं झाली, त्यांना झाली. कोळवणच्या खोऱ्यात तशी कोंबडी दिसली की लोक म्हणायला लागले, ही त्यांच्या दारची. माझ्या आईला हे सांगायचं राहिलं. ती परत भेटली नाही.

त्या वाटीनंच पिल्लं जात होती हे आत्याबाईला कळलं होतं की नाही, हे मात्र मला आजतागायत उमगलेलं नाही. किती वेळा विचार केला. कळलं नसेल म्हणावं, तर एक गोष्ट त्यात बसत नाही. ती असेपर्यंत, नवी पिल्लं निघाली की त्या दिवशी ती दूधभात कालवायची, रीत ती रीत. वाटी घेऊन डालग्यापाशी यायची, वाकून पिल्लांकडे बघायची. मग सरळ व्हायची, आणि ती वाटी माझ्यापुढे धरायची.

"घे," म्हणायची. "त्यांच्या वाटचं तू खा."

दर वेळी माझं पोट बिघडायचं, आणि दर वेळी मी खायचे.